दोन फुटी समुद्रावरचा सूर्य

माझ्या समुद्री टाकीतला पहिला बळी दिव्याने घेतला. टाकी दोन फूट लांब, रुंदी आणि उंची सव्वा-सव्वा फूट. हिशेबाने ८८ लिटर. वाळू आणि दगडांनी आपली जागा घेतल्यावर उरलं सत्तरच्या आत. तिच्यावर मी १६५ वॉटचा काळा डबा टांगला. आत ५५ एलईडी, वर दोन पंखे, बाजूला दोन बटणं, एक निळ्याचं आणि एक पांढऱ्याचं. "लाइट कमी पडायला नको, साहेब," असं दुकानदार म्हणाला, आणि ते मला पटलंही. ऊन जितकं जास्त तितकं पीक बरं, अशीच आपली समजूत असते. दोन्ही बटणं पूर्ण फिरवून मी समाधानाने झोपलो.

आठ दिवसांत दहा रुपयांच्या नाण्याएवढे मश्रूम प्रवाळ आक्रसून शर्टाच्या बटणाएवढे झाले. दुकानात ज्या लेदर कोरलच्या टोपीवर धागे गवतासारखे डोलत होते, ते मिटून बसलं ते बसलंच. मी पाणी बदललं, क्षारता मोजली, नायट्रेट तपासलं, कुणाच्या तरी सांगण्यावरून आयोडीनही घातलं. दिव्याचा संशय काही आला नाही. तिसऱ्या आठवड्यात एक मश्रूम कागदासारखा पांढरा पडला, दगडावरून सुटला आणि पंपाच्या जाळीला जाऊन चिकटला.

छोट्या टाकीला दिवा कोणता घ्यावा, यावर आज भरपूर लिहिलं-बोललं जातं. पण त्यातलं बरंचसं मोठ्या टाक्या ठेवणाऱ्या, थंड देशांत राहणाऱ्या आणि कठीण प्रवाळ वाढवणाऱ्या लोकांच्या अनुभवातून आलेलं असतं. ते पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमधल्या दोन फुटी टाकीला जसंच्या तसं लावलं की मश्रूम जाळीला चिकटतो. म्हणून सगळा प्रश्न एकदा मुळापासून तपासून पाहायला हरकत नाही.

प्रवाळ हा प्राणी, पण त्याचा संसार चालतो शेतीवर. त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडात साखर बनवतं आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देतं. कोकणातला जुना खोत आणि कूळ यांच्यासारखाच हा व्यवहार आहे: जमीन खोताची, राबणार कूळ, आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या माजघरात. उथळ पाण्यातल्या अनेक जातींमध्ये ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज या वाट्यातूनच भागते. उजेड फार कमी झाला की वाटा घटतो आणि प्रवाळ हळूहळू खंगतो. उजेड फार वाढला की उलटंच होतं. शैवालाची यंत्रणा झेपेल त्यापलीकडे धावते, पेशीत घातक ऑक्सिजन साचायला लागतो आणि प्रवाळ कुळाला चक्क बाहेर काढतो. रंग जातो तो असा. उरते ती पारदर्शक कातडी. खंगायला महिने लागतात, पांढरं पडायला आठवडाही पुरतो. नवख्या माणसाच्या टाकीत दुसरा प्रकार जास्त घडतो, असं माझं निरीक्षण आहे.

आता किती उजेड म्हणजे बेताचा? जुन्या पुस्तकांत 'गॅलनला चार-पाच वॉट' असा नियम सापडतो. तो ट्यूबलाइटच्या काळातला. वॉट हे दिवा वीज किती खातो ते सांगतात, उजेड किती देतो ते नव्हे. माझ्या डब्यावरचे १६५ वॉट तर शुद्ध गुणाकार होता, ५५ गुणिले ३. प्लगला मीटर लावल्यावर ११५ निघाले. ल्युमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्याच्या सोयीची. आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला तल्लख आणि गर्द निळ्याला मंद. शैवालाचं नेमकं उलट. केल्विनचा आकडा, म्हणजे दहा हजार, चौदा हजार, वीस हजार, हा उजेड किती निळसर दिसेल एवढंच सांगतो.

खरं माप म्हणजे पार. मराठीत पार म्हटलं की वडाखालचा ओटा आठवतो. इथे अर्थ असा की ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात. हे मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधातल्या भर दुपारच्या उन्हाचा पार दोन हजारांच्या आसपास असतो. पण बहुतेक प्रवाळांतलं शैवाल दोनशे ते चारशेलाच 'पोट भरलं' म्हणतं. त्यापुढचा उजेड त्याला उपयोगाचा नाही, निस्तरायचा असतो. मश्रूम आणि गालिच्यासारखे पसरणारे झोअँथिड पन्नास ते शंभरात सुखी. लेदर आणि झेनियासारखे मऊ प्रवाळ साधारण तेवढ्यात किंवा थोडं वर. हातोड्यासारख्या टोकांचे मोठ्या तोंडाचे कठीण प्रवाळ पंचाहत्तर ते दीडशेत. फांद्यांच्या कठीण अॅक्रोपोराला मात्र दोनशे ते साडेतीनशे हवा. आकडे ढोबळ आहेत. एकाच जातीचा तुकडा कुठल्या टाकीत वाढला आहे यावरही बरंच अवलंबून असतं.

प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मालदीवचं काचेसारखं पाणी येतं. मुंबईच्या हाजी अलीला, वरळीला ओहोटीच्या वेळी खडकांवरून चालून पाहा. चॉकलेटी, गढूळ पाण्यात, डबक्यांच्या कडेला खरे जिवंत प्रवाळ आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामात आड आले म्हणून २०२० साली त्यांच्या काही वसाहती तिथून हलवाव्या लागल्या होत्या. झोअँथिडचे तर हिरवे-तपकिरी गालिचे आपल्या सबंध खडकाळ किनाऱ्यावर पसरलेले असतात. भरती आली की वरचं पाणी चहासारखं, त्यातून उजेड झिरपतो तो थोडाच. ओहोटीला तेच जीव तासभर कडक उन्हात. हे पाहिल्यावर 'प्रवाळाला लख्ख उजेड लागतो' हे वाक्य मी सरसकट वापरणं सोडून दिलं. मालवणच्या सागरी अभयारण्यात आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात असलेल्या आंग्रे बँकेवर पाणी स्वच्छ आहे. तिथला हिशेब वेगळा.

आणि इथेच कायद्याचा विषय काढला पाहिजे, कारण आपल्याकडे दिव्याची निवड त्याच्यापासून सुरू होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन-पाइप प्रवाळ घातले गेले. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. किनाऱ्यावरून जिवंत तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. परदेशी असल्याची थाप पचत नाही. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही साइट्स कराराचे कागद लागतात. मश्रूम, झोअँथिड, लेदर हे या पाच गटांत येत नाहीत, तरी घेताना बिल आणि मूळ विचारावंच. माझ्या टाकीत म्हणून हीच मंडळी आहेत. दिव्याच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे: ज्या अॅक्रोपोरासाठी जगभर महागडे दिवे विकले जातात, ते आपल्या टाकीत असणारच नाही. आपली गरज पन्नास ते दीडशे पारची. बाजारातला निम्मा माल त्यामुळे आपोआप बाद होतो.

दिव्यांचा इतिहास छोटा आहे, पण तो माहीत असला की दुकानात फसवणूक कमी होते. सगळ्यात जुना दिवा म्हणजे सूर्य. जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि नैसर्गिक ऊन एवढ्यावर प्रवाळ जगवले आणि १९६१ साली ते लिहून काढलं. वाचून मलाही मोह झाला होता. पण आपल्या खिडकीतलं ऊन मार्चपासून टाकीला पातेलं करतं आणि काचेवर हिरवं शैवाल पिकवतं. खिडकीपासून टाकी दूर ठेवावी, एवढाच धडा मी त्यातून घेतला.

मग आल्या फ्लुरोसंट नळ्या. त्यांच्यात ४२० नॅनोमीटरला कळस असलेल्या निळ्या-जांभळ्या 'अॅक्टिनिक' नळीने सगळ्यांना वेड लावलं. पाठोपाठ जर्मनीत रस्त्यांवरचा आणि कारखान्यांतला मेटल हॅलाइड दिवा टाक्यांवर चढला. उजेड भन्नाट. एका बिंदूतून येणारा, त्यामुळे वाळूवर पाण्याच्या लाटांची जाळी नाचते. ते दृश्य एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पण हा दिवा तापतो तोही तसाच, आणि त्यातली अवरक्त उष्णता सरळ खाली पाण्यात उतरते. छोट्या टाकीत पाणी दोन-तीन अंश सहज चढतं. हॅम्बर्गमध्ये ते चालून जातं. एप्रिलमध्ये पुण्याच्या चौतीस अंशांच्या खोलीत आधीच तिशीला टेकलेल्या पाण्यावर हा दिवा लावणं म्हणजे प्रवाळ उकडणं. दोन फुटी टाकीसाठी मेटल हॅलाइडचा विषय मी इथेच संपवतो.

टी-५ नळ्यांबद्दल मात्र माझ्या मनात हळवा कोपरा आहे. दोन फुटी नळी २४ वॉटची. आरशासारख्या परावर्तकाखाली चार नळ्या म्हणजे ९६ वॉट. त्यांचा उजेड पावसाळी आभाळासारखा, सगळीकडून सारखा. सावली पडत नाही, कोपरे अंधारत नाहीत, दगडाच्या बाजूला चिकटलेला मश्रूमही उपाशी राहत नाही. नुसतं प्रवाळांचं हित पाहिलं तर आजही ही उत्तम पद्धत आहे. अडचणी सगळ्या आपल्या बाजूच्या. नळीचा उजेड नऊ ते बारा महिन्यांत घसरतो, म्हणजे वर्षाला चार नळ्या बदला. टाकीसाठीच्या खास नळ्या आपल्या गावात मिळत नाहीत आणि कुरिअरने आल्या तर चारातली एक फुटून येते. शिवाय पाऱ्यामुळे मिनामाटा कराराच्या देशांनी २०२३ साली सर्वसाधारण उजेडाच्या फ्लुरोसंट नळ्या २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे. या वाटेवर आता नव्याने चालायला लागू नये.

राहतो एलईडी. तो आला निळ्यामुळे. संशोधक नाकामुरा यांनी १९९३ साली झगझगीत निळा एलईडी करून दाखवला. अकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना २०१४ सालचं भौतिकीचं नोबेल मिळालं. घरातल्या बल्बसाठी हा शोध मोलाचा होताच, प्रवाळांसाठी तर तो नेमका निघाला. पाणी तांबडा उजेड आधी पिऊन टाकतं. दहा मीटर खाली तो जवळजवळ संपलेला असतो. निळा सगळ्यात खोल जातो. प्रवाळांतलं शैवाल त्यामुळे निळ्यावर वाढलेलं आहे, आणि ४५० नॅनोमीटरचा 'रॉयल ब्लू' एलईडी त्याच्या हरितद्रव्याला बरोबर लागू पडतो. तांबड्याची गोष्ट उलटी. रोपांना तांबडा हवा म्हणून प्रवाळांनाही हवा, असा तर्क करून काही दिव्यांत तो भरपूर घालतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ साली एका फांदीदार प्रवाळावर तो तपासला, तेव्हा तांबड्या उजेडाने प्रवाळाची तब्येत खालावल्याचं दिसलं. दिव्यात तांबडे-हिरवे चार ठिपके असतील तर ते आपल्या डोळ्यांसाठी आहेत असं समजावं आणि मंदच ठेवावेत.

निळ्याची दुसरी करामत दुकानदारांना चांगली ठाऊक आहे. कित्येक प्रवाळांच्या अंगात चमकणारी प्रथिनं असतात. निळा उजेड पडला की ती हिरवी, केशरी, गुलाबी पेटतात. जेलीफिशमधल्या अशाच हिरव्या प्रथिनाच्या कामाला २००८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि प्रयोगशाळांत वापरलं जाणारं प्रसिद्ध लाल प्रथिन तर एका मश्रूमसारख्या प्रवाळातून आलं आहे. थोडक्यात, चमक खरी आहे. पण कुर्ल्याच्या बाजारात नुसत्या निळ्याखाली जे झोअँथिड निऑनच्या पाटीसारखं जळत असतं, तेच घरच्या पांढऱ्या उजेडात साधं तपकिरी निघतं. मी एकदा दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून पाहायला लागलो, तर मुलगा म्हणाला, "सर, टॉर्चने नका बघू, मजा जाते." मजा जाते म्हणूनच बघायचं असतं.

एलईडीचे तोटेही सांगितले पाहिजेत. हा उजेड भिंगातून धारेसारखा खाली येतो. मधोमध ऊन, कोपऱ्यात तिन्हीसांजा. लेदरच्या छत्रीखाली जे असेल ते काळोखात. वेगवेगळ्या रंगांचे एलईडी दूर दूर लावलेले असतील तर वाळूवर गणपतीच्या मांडवासारखे रंगीबेरंगी ठिपके नाचतात. त्यामुळे घेताना सगळे रंग एका ठिकाणी गच्च बसवलेला दिवा पाहावा, किंवा पुढे अर्धपारदर्शक पडदा असलेला. आयुष्याचा ५०,००० तासांचा दावा रोज दहा तासांच्या हिशेबाने पावणेचौदा वर्षांचा होतो. पण त्याआधीच पंखा धरतो, मिठाच्या तुषारांनी भिंगं पांढरी होतात, एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर जातो. ज्याचा पंखा आणि ड्रायव्हर सुटा मिळतो, तो दिवा चार पैसे जास्त देऊन घ्यावा. हात चालणारे लोक लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून एलईडी, अॅल्युमिनियमची उष्णताफणी आणि ड्रायव्हर आणून स्वतःच दिवा बांधतात. मी पाहिलेल्या अशा दिव्यांपैकी काही विकतच्यापेक्षा सरस होते आणि एक मात्र पाण्यात पडला.

विजेचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. चार टी-५ नळ्या रोज दहा तास म्हणजे महिन्याला २९ युनिट. दीडशे वॉटचा मेटल हॅलाइड, बॅलास्ट धरून १७५, रोज आठ तास म्हणजे ४२. पन्नास वॉटचा एलईडी सरासरी निम्म्यावर चालवला तर साडेसात. पण खरी बचत उष्णतेत आहे. मेटल हॅलाइडवाल्याला पाणी थंड करायला चिलर लागतो आणि चिलर दिव्यापेक्षा जास्त वीज खातो. मंद एलईडीवाल्याचं काम बरेचदा पाण्यावर तिरका रोखलेल्या छोट्या पंख्यावर भागतं. यातही गावागावाचा फरक आहे. पुण्यात एप्रिल-मेमधली हवा कोरडी; बाष्पीभवन जोरात होतं आणि पंखा पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो. मुंबईत, डोंबिवलीत, रत्नागिरीत दमट हवेत तोच पंखा नुसता फिरतो. तिथे राहणाऱ्याने दिव्याचा प्रत्येक वॉट मोजून घ्यावा. पंखा चालला की रोज पाणी घटणार हेही धरून चालायचं. घटलेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायचं, कारण मीठ उडून जात नाही.

मग दोन फुटी टाकीला घ्यायचं काय? मंद करता येणारा, निळा आणि पांढरा वेगळा फिरवता येणारा, तीस ते साठ वॉटचा एक एलईडी, टाकीच्या मधोमध, पाण्यापासून नऊ-दहा इंचांवर. तेवढ्याने भागतं. आयात केलेला नामांकित दिवा परवडत असेल तर जरूर घ्यावा. त्यात पैसे जातात ते मुख्यतः रंगांच्या मिश्रणाला आणि मोबाइलवरून सकाळ-संध्याकाळ ठरवण्याच्या सोयीला. नसेल परवडत, तर साधा दिवा आणि टायमरचा प्लग प्रवाळांना चालतो. चांदण्याचा वेगळा दिवा, ढगांचा खेळ, विजांचा कडकडाट हे पाहुण्यांसाठी. त्याऐवजी पैसे चांगल्या पंपात घालावेत. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंप आधी जोडावा. दोन दिवस अंधारात प्रवाळांना काही होत नाही, पण थांबलेल्या पाण्यात एका रात्रीत टाकी जाऊ शकते.

टांगण्याबद्दल दोन शब्द, कारण इथे जीव माणसाचा आहे. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आणि लोखंडाचा वैरी. दिव्याची दोरी किंवा दांडा स्टेनलेसचा असावा. प्लगकडे जाणाऱ्या वायरला मध्ये खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला थेंब होऊन जमिनीवर पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. अर्थिंग तपासून घ्यावं आणि त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. आमच्या वायरमनने "माशांसाठी कशाला एवढं" म्हणून मान हलवली होती. त्याला टाकीत हात घालतो तो मी, हे सांगावं लागलं.

दिवा आणल्यावरचा पहिला महिना सगळ्यात नाजूक. नवा दिवा तीस-चाळीस टक्क्यांवर सुरू करायचा, दिवसाला सात-आठ तास, आणि आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. नवा प्रवाळ आधी वाळूवर ठेवायचा. तिथून वर चढवता येतो. त्याच्याकडे बघायला शिकलं की अर्धं काम होतं. झोअँथिडच्या माना उंच होऊन दिव्याकडे ताणल्या तर उजेड कमी. मश्रूम पसरट होऊन कडा लोंबायला लागल्या, तरी कमीच. उलट मश्रूम आक्रसला, कडा वर वळल्या, रंग फिका पडला तर जास्त. लेदर मिटलं तर मात्र घाई नको. ते मधूनच चार-सहा दिवस मिटतं, मेणासारखी जुनी कातडी टाकतं आणि पुन्हा फुलतं. काचेवर हिरवं धागेदार शैवाल माजलं तर दिव्याआधी पाण्यातला फॉस्फेट बघावा. दिवा बदलला म्हणून शैवालाचं खाणं कमी पडत नाही आणि खाणं जास्त झालं तर दिवा दोषी नसतो.

हे सगळं डोळ्याने करता येतं, पण मापाने केलं तर चुका वाचतात. मोबाइलच्या अॅपवर माझा विश्वास नाही. लक्स मीटर सूर्यप्रकाशात चालतो, तिथे आकड्याला ५४ ने भागलं की पार मिळतो. निळ्या एलईडीखाली हा भागाकार साफ चुकतो. पाण्यात बुडवता येणारा पारमीटर लागतो, तोही निळा नीट वाचणारा. जुन्या सेन्सरचे काही मीटर निळा कमी दाखवतात. दिवे मोजूनच बोलायचं ही शिस्त या छंदाला लावणाऱ्यांत पेन स्टेट विद्यापीठातले औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक संजय जोशी यांचं नाव आधी घ्यावं लागतं. आडनाव ओळखीचं वाटेल. त्यांनी वर्षानुवर्षं एकेक बल्ब, एकेक परावर्तक, पुढे एलईडी मोजून तक्ते छापले, आणि जाहिरातीतल्या बऱ्याच बाता त्या तक्त्यांपुढे टिकल्या नाहीत.

माझ्या काळ्या डब्याचं खरं रूप मला कळलं ते मश्रूम गेल्यानंतर पाच महिन्यांनी, मुंबईहून आलेल्या एका मित्राच्या मीटरने. काठीच्या टोकाला बांधलेलं ते बोटभर सेन्सर आम्ही दगडाच्या माथ्यावर धरलं: ५२०. मश्रूम होते तिथे: ४००च्या वर. वाळूवर, जिथे मला काळोख आहे असं वाटत होतं, तिथे २९०. ज्यांना साठ-सत्तर पुरले असते, त्यांना मी महिनाभर सहापट उन्हात उभं केलं होतं. आज त्या जागी पन्नास वॉटचा दिवा चाळीस टक्क्यांवर चालतो. माथ्यावर १५०, मधल्या कपारीत ९०, वाळूवर ६०, कोपऱ्यात २५. मश्रूम आता चहाच्या बशीएवढे आहेत आणि मला ते कापून वाटावे लागतात.

तो मीटर बहुतेकांच्या दिव्यापेक्षा महाग असतो आणि वर्षातून दोनदाच लागतो. प्रत्येकाने विकत घ्यायची ती वस्तू नाही. आपल्या शहरात पाच-सहा जण टाक्या ठेवणारे असतील तर वर्गणी काढून एक घ्या आणि फिरवत राहा. ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी तो कपाटात ठेवू नये. नवा माणूस पहिला प्रवाळ आणायला निघाला की त्याआधी एक संध्याकाळ त्याच्या घरी घेऊन जावा.